मंगळावरच्या खेपा

माझ्या वडिलांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मंगळावर गाडी चालवायला घेतली, कारण पृथ्वीवर चालवायला आम्ही देत नव्हतो. ‘आम्ही’ म्हणजे मी. आई या भानगडीत नव्हतीच. अशा वेळी तिला स्वयंपाकघरात हमखास महत्त्वाचं काम निघतं.

बाबांनी जन्मभर डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. सिंधुदुर्गातून विशीत आले, लाल मातीने भरलेला ट्रक हातात आला आणि मग तो सुटलाच नाही. खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत माल न्यायचा, रिकामी गाडी परत आणायची, पुन्हा लोडिंगच्या रांगेत उभं राहायचं. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक गेला. मागे हळर्णचं घर राहिलं आणि अंगणात एक जुनी जीप. इतक्या वर्षांत आपल्या गाडीने कोणाला खरचटलंसुद्धा नाही, ही गोष्ट बाबा पाहुण्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याआधी सांगतात. एक म्हैस होती, पण चूक म्हशीची होती.

गेल्या दिवाळीच्या आसपास त्यांच्या मेंदूत एक छोटीशी गुठळी अडकली. चार दिवस इस्पितळ, दीड महिना काठी, मग काठी कोपऱ्यात. बोलणं तर दुसऱ्याच दिवशी पूर्ववत झालं. नर्सबाईंनी येऊन आम्हाला ते सांगितलं, पण अभिनंदन म्हणून सांगितलं की तक्रार म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि लावायच्या आधी डोळ्यांची एक खास तपासणी करून घ्यायची. बाबांनी यातलं ‘सहा महिने’ एवढंच ऐकलं. तपासणीची चिठ्ठी पाकिटात घडी होऊन पडली. त्याऐवजी ते पेडण्याच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात गेले, भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचली आणि छाती पुढे काढून परत आले.

मे महिन्यात सहा महिने भरले, आणि मे महिना म्हणजे पुरुमेंत. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, जाडं मीठ, कांद्यांच्या माळा. आमच्याकडे हे सगळं म्हापशाच्या बाजारातून जीपने येतं. जीप बाबा चालवतात आणि आई डाव्या बाजूच्या सीटवर, मांडीवर पिशव्या घेऊन, रस्ताभर बोलत बसते. या रीतीत कधी खंड पडलेला नाही. मी साखळीला हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवते, तिथेच भाड्याने राहते. सुट्टी लागली म्हणून घरी आले, तर बाबा जीप धूत होते.

“किल्ली दी,” ते म्हणाले. जीपची किल्ली इस्पितळाच्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होती.

“आदी ती डोळ्यांची तपासणी करा, बाबा.”

“केलंय मा! मुंगयेचे पाय मोजून दाखवू तुका?”

“ती न्हय. डॉक्टरांनी सांगलेली. तवसर मी चालयतंय, तुमी बाजूक बसा.”

बाबांनी हातातलं फडकं बाल्दीत टाकलं. माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांचं मत जुनंच आहे, की मी एक्सलेटरपेक्षा ब्रेकच जास्त वापरते. ते म्हणाले, “तुझ्या बाजूक बसण्यापरास मी चलत जातंय म्हापशाक.” मग दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात इतकी शांतता पसरली की शेजारीण चौकशीला आली.

तिसऱ्या दिवशी आईने मला लोणच्याच्या बरण्या काढायला माळ्यावर चढवलं आणि तिथे मला माझं मशीन सापडलं.

हे मशीन म्हणजे एक कॉम्प्युटर होता, पण आजच्या मुलांना तो दाखवला तर ती त्याला रिमोट समजतील. पाटीएवढा आकार, रबराची करडी बटणं, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट प्लेअरवरून खेळ भरायचा. मामा कुवेतला होता. मी आठवीत असताना त्याने तो आपल्या मुलांसाठी आणला. मुलांनी महिनाभर बडवला आणि कंटाळल्यावर मला दिला. त्यापायी माझं वाटोळं झालं असं आईचं मत आहे. मी म्हणते, त्यापायी मला नोकरी लागली. दोन्ही खरं असू शकतं.

कॅसेट एकच होती. खेळाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आम्ही त्याला ‘मंगळ’ म्हणायचो. लाल ग्रह, वर काळं आकाश, मध्ये एक खडबडीत रस्ता. तुमच्याकडे एक चिलखती गाडी. तळावरून रिकामी निघायची, दरीच्या टोकाला असलेल्या खाणीतून जांभळं खनिज भरायचं आणि तळावर परत आणायचं. वाटेत शत्रूच्या तबकड्या समोरून आणि दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांतून येणार, गोळ्या झाडणार. आपणही झाडायच्या. अशा तीन दऱ्या, आणि गाड्या तीनच. तिन्ही फुटल्या की पहिल्यापासून सुरुवात. मी शाळेत असताना तासन्‌तास खेळायचे. बाबा ड्यूटीवरून आले की लाल धुळीने माखलेल्या अवताराने दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, “बसल्या जाग्यार कसली गाडी चालयतंस गो?”

मी ते खोकं खाली आणलं ते निव्वळ हौसेने. कॅसेट प्लेअरचा रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता, तो बदलला. हेड स्पिरिटने पुसलं. सोप्याच्या कोपऱ्यात जुना पेटीसारखा टीव्ही होता, आईने त्यावर देवीचा फोटो ठेवला होता. देवीला भिंतीवर हलवलं. कॅसेट दहा वेळा फसली आणि अकराव्या वेळी लागली. ती लागते तेव्हा मशीन पाच मिनिटं कर्कश किंचाळतं. आई धावत आली, मिक्सरमध्ये काही अडकलं असं तिला वाटलं. मी म्हटलं, खेळ भरतोय, पाच मिनिटं कोणी हलू नका, पंखासुद्धा बंद. मे महिन्यात पंखा बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे गोव्यात राहणाऱ्यालाच कळेल.

बाबा मात्र खुर्ची ओढून बसले. लोडिंगला वेळ लागतो हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. उभी हयात त्यात गेली होती.

मी गाडी काढली आणि पहिल्याच दरीत दोनदा मेले. तिसऱ्या गाडीत बसणार तेवढ्यात बाबा दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “सरक. तुका खंयच चालवूक येणा नाय.”

आणि मग मला ती अवदसा आठवली. मी म्हटलं, “बाबा, पैज लावतास? तीनय दऱ्या पार करा, किल्ली तुमची. मी एक शब्द बोलूचंय नाय. पण पुरुमेंताक जावच्या दिसापर्यंत जमला नाय, तर जलमभर किल्ली मागूची नाय.”

हे मी सरळ मनाने म्हटलं नव्हतं, कबूल करते. चार वर्षं खेळून मला स्वतःला तिसरी दरी दोनदाच पार करता आली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाबांना त्या रबरी बटणांवर पहिलीसुद्धा जमणार नाही, हे मी धरूनच चालले होते. डॉक्टरांची आज्ञा पाळायला लावायची हिंमत नाही, म्हणून मी हे काम तबकड्यांवर सोपवलं.

“साक्षीदार?” बाबांनी विचारलं.

“मी आयकलंय,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबांच्या पहिल्या खेपा बघताना मी हसून हसून लोळले. ते गोळीच झाडत नव्हते. समोरून तबकडी आली की गाडी बाजूला घेऊन थांबायचे आणि बटणावरचा हात उचलून तिला ‘जा पुढे’ अशी खूण करायचे. तबकडी पुढे न जाता त्यांना उडवायची.

“बाबा, मारा तिका!”

“कित्या मारू? मी रिकामी आसंय. ती भरून येता.”

खाणीच्या रस्त्याचा हा कायदा होता. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे ड्रायव्हर पाळायचे. भरलेली गाडी धक्क्याकडे निघाली की ती थांबत नाही, रिकाम्याने कडेला उतरून वाट द्यायची. चढावर भरलेली गाडी थांबवली तर ती परत उचलत नाही, त्यामागे हे साधं कारण. वाट न देणाऱ्याला चहाच्या गाड्यावर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागायचं. बाबांना समोरची तबकडी भरलेली दिसत होती, कारण ती खाणीच्या बाजूने येत होती. मी म्हटलं, बाबा, ते परग्रहावरचे राक्षस आहेत. ते म्हणाले, असतील, पण ड्रायव्हर आहेत.

मग त्यांनी एकदा कसंबसं खाणीपर्यंत पोचून जांभळा माल भरला, आणि खुर्चीत ताठ बसले. “आता बघ.” परतीच्या वाटेवर त्यांनी कोणालाही वाट दिली नाही. गोळी तेव्हाही नाहीच. सरळ रस्त्याच्या मधून गाडी हाणली, तबकड्या येऊन आपटल्या आणि फुटल्या, गाडी जशीच्या तशी. मी थक्क झाले. माल भरल्यावर गाडीचं चिलखत दुप्पट होतं, हे त्या खेळात होतं आणि मला कधी कळलंच नव्हतं. मी आपली पहिल्यापासून गोळ्या झाडण्यात गुंतलेली.

चौथ्या दिवशी त्यांनी पहिली दरी पार केली. मला जरा घाम फुटला.

दुपारी जेवण झालं की ते बसायचे. वीज गेली की सगळं पुसलं जायचं, पुन्हा कॅसेट, पुन्हा पाच मिनिटं किंचाळणं, पुन्हा पंखा बंद. मे महिन्यात वीज जायला निमित्त लागत नाही. बाबा चिडायचे नाहीत, लोडिंगला बसायचे. मी त्यांना इतकं खूश बघून वर्ष झालं होतं, आणि ही पैज आपणच लावली याचा मला एकाच वेळी आनंद आणि पश्चात्ताप होत होता.

पण दुसऱ्या दरीत गाडी अडली. जाताना बाजू द्यायला ते डावीकडे उतरायचे आणि दर वेळी डावीकडच्या खड्ड्यातून निघालेली तबकडी त्यांना उडवायची. दर वेळी त्यांचं एकच, “हो खंयसून इलो? अचानक इलो!”

“अचानक खंय? कधीचो येय होतो डावीकडसून.”

“खोटा सांगतंस. हो खेळ लबाड आसा.”

मला वाटलं, वयाने हात मंद झालाय. म्हणून मी त्यांच्या मागे उभी राहून नीट बघायला लागले, शाळेत मुलांच्या मागे उभी राहते तशी. हात मंद नव्हता. उजवीकडून तबकडी आली की बाबा इतक्या अलगद गाडी काढायचे की मला जमणार नाही. डावीकडची आली की काहीच नाही. ना हात हलायचा, ना मान, ना पापणी. तबकडी डोळ्यांदेखत येऊन धडकेपर्यंत ते शांतपणे समोर बघत असायचे. मी मनाला सांगितलं, टीव्ही जुना आहे, डावी बाजू अंधूक झाली असेल.

त्या दिवशी जेवताना बाबा आईवर खेकसले. “पथ्य सुटून महिनो झालो, लोणचा वाढूक नाय. संपला काय?”

“आंधळे झालास काय? ताटात आसा ता काय?” आई म्हणाली. ती रोज वाढत होती, रोज ते तसंच परत येत होतं, आणि आपल्या लोणच्यावर नवऱ्याने बहिष्कार घातलाय असं समजून ती मनातल्या मनात महिनाभर धुमसत होती.

लोणचं, चटणी, मीठ, कोशिंबीर. आपल्याकडे हे सगळं ताटात कुठे वाढतात? डाव्या बाजूला. मी बाबांच्या ताटाकडे बघितलं. उजवीकडची भाजी संपली होती, आमटी संपली होती. भातसुद्धा मधोमध कापल्यासारखा अर्धा खाल्लेला, डावा अर्धा तसाच. मी काही न बोलता हात लांब केला आणि त्यांचं ताट फिरवलं.

“हां,” बाबा म्हणाले, “आता वाढलंस.” आणि लोणच्याची फोड उचलून तोंडात टाकली.

आईने वाढायचा डाव खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. बाबांचे डोळे चष्म्याच्या दुकानातली शेवटची ओळ वाचत होते ते खरं होतं. पण त्या गुठळीपायी त्यांचं जगच डावीकडून अर्धं गेलं होतं, आणि ते गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. काळं दिसलं असतं तर ते म्हणाले असते, काळं दिसतंय. त्यांच्या लेखी तिथे काही नव्हतंच. मला भयंकर भीती वाटली. म्हापशाचा रस्ता, रुंद झालेला हायवे, डावीकडून घुसणाऱ्या स्कूटी, आणि डाव्या सीटवर आई.

संध्याकाळी विहिरीपाशी मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिने कळशी भरून काठावर ठेवली. मग म्हणाली, “तू सांग तेका.”

“मी? तू सांग. तुझो घोव.”

“तू शिकललंस.”

अशी आम्ही ती जबाबदारी एकमेकींच्या गळ्यात टाकत राहिलो. शेवटी मी रात्री जेवताना सुरुवात केली, “बाबा, ती डोळ्यांची तपासणी…” ते म्हणाले, “पैज हरतंस म्हणून भियेलंस मगो?” आणि माझी बोबडी वळली. चाळीस मुलांच्या वर्गाला मी नुसत्या भुवयांनी गप्प करते. बापापुढे माझी ही तऱ्हा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच निदान केलं. “टीव्हीचो डावो भाग बिघडलो आसा. उघड तो.” आणि मी, लाज वाटते सांगायला, खरंच टीव्हीचं मागचं झाकण उघडलं. आतून धुळीचा गोळा आणि एक वाळकी पाल काढली, अर्धा तास स्क्रू-ड्रायव्हर फिरवला आणि म्हटलं, “झाला काय बघा.” ते बसले, दोन मिनिटांत डावीकडून उडाले. “नाय झाला,” म्हणाले, “तुका दुरुस्ती पण येणा नाय. मीच बघतंय.”

त्यांनी बघितलं ते असं. खुर्ची उचलून टीव्हीच्या डाव्या अंगाला नेली आणि तिरकी लावली. मग मान वळवून खेळायला लागले. आधी मान डावीकडे, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, मग समोर, मग परत डावीकडे. टीव्ही बिघडलाय तर आपण त्याच्याभोवती फिरायचं, एवढाच त्यांचा विचार. घाटात आरसा फुटला तर ड्रायव्हर घरी जात नाही. दोन दिवस मान दुखली म्हणून आईकडून तेल चोळून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुसरी दरी गेली.

आणि पुरुमेंताच्या आदल्या दुपारी, एकाच गाडीवर, वीज न जाता, तिसरी. शेवटच्या खेपेला शेजारीणही खिडकीत उभी होती. गाडी तळावर टेकली, टीव्हीवर रंगीत पट्टे नाचले आणि मशीनने पिंपिं करत एक सूर वाजवला, जो मी शाळेत असताना दोनदा ऐकला होता. बाबा उठले, खांदा चोळला आणि हात पुढे केला.

मी किल्ली दिली. ते जिंकले होते. एकही गोळी न झाडता जिंकले होते. त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे होतं ते पुसायला मी पुढे झाले नाही, इतकंच. पण मी अगदीच वेडी नाही. रात्री अंगणाच्या फाटकाला आतून कुलूप लावलं आणि त्या कुलपाची किल्ली मुठीत धरून झोपले. सकाळी फाटकात उभं राहून सांगायचं असं ठरवलं. वाक्यं पाठ केली.

सकाळी आई माझ्याआधी तयार झाली. नेसून, गजरा माळून, पिशव्यांच्या घड्या घेऊन ती जीपच्या डाव्या सीटवर जाऊन बसली. मी जीपच्या खिडकीशी वाकून दबक्या आवाजात म्हटलं, “आई, उतर. मी सांगतंय आता तेंका.” ती म्हणाली, “तू फाटकार उबी रव.” आणि पिशव्यांच्या घड्या मांडीवर ठेवल्या.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. उजवीकडचं दार उघडलं, स्टिअरिंगला नमस्कार केला, किल्ली फिरवली. जीप दोन ढेकरांत सुरू झाली. आनंदाने त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. मंगळावर शिकलेली मान वळवायची सवय त्यांनी मंगळावरच ठेवली होती, कारण बिघाड टीव्हीत होता, जीपमध्ये नव्हता. त्यांनी उजव्या हाताने शर्टाची कॉलर नीट केली, घराच्या दाराकडे बघितलं आणि हॉर्न वाजवला.

दारात कोणी आलं नाही. त्यांनी परत वाजवला.

“अगो, किती वेळ? येतंस काय नाय? ऊन चढता!”

आई त्यांच्या कोपराला लागून बसली होती. जी बाई झोपेतही बोलते, ती तोंड मिटून समोर बघत होती. मी फाटकात उभी होते, मला दोघांची तोंडं काचेतून स्वच्छ दिसत होती. पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवत नव्हतं.

बाबांनी तिसऱ्यांदा हॉर्न दाबला आणि वैतागून ओरडले, “मेलंस काय गो थंय?”

“मी हंयच आसंय,” आई हळू म्हणाली. “तुमी येवच्या आदीच येवन बसलंय.”

बाबांचा हात हॉर्नवर तसाच राहिला. मग त्यांनी मान वळवली, सावकाश, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, आणि ती दिसली. ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्याकडे, गजऱ्याकडे, पिशव्यांकडे. मग परत समोर बघितलं, आणि परत तिच्याकडे वळले, ती तिथेच आहे का हे तपासायला. इंजिन चालूच होतं. मला रडू फुटलं आणि मी ते थांबवायच्या भानगडीत पडले नाही.

त्यांनी इंजिन बंद केलं. खिडकीतून हात बाहेर काढून किल्ली माझ्यासमोर धरली.

“घे,” म्हणाले. “आणि ती चिठी माझ्या पाकिटात आसा. डोळ्यांची.”

बॉनेटवर हात ठेवून ते गाडीच्या पुढून फिरले, डावं दार उघडलं आणि आईला मागे जायला सांगितलं. आई म्हणाली, मी का म्हणून मागे जाऊ, आणि त्यावरून तिथेच दोघांचं भांडण झालं, म्हणून मला जरा बरं वाटलं. शेवटी ती पुटपुटत मागे गेली. मी फाटक उघडलं, गाडी काढली. पहिल्या वळणावर बाबा तीनदा म्हणाले, ब्रेकवरचा पाय काढ. त्या सीटवरून त्यांना मी, माझे पाय आणि माझ्या सगळ्या चुका अगदी व्यवस्थित दिसत होत्या.

गावाबाहेर पडल्यावर मात्र त्यांनी ब्रेकचा विषय सोडला. म्हणाले, “डावीकडे काय काय आसा, ता माका सांगत चल.”

मी सांगायला लागले. काजूची बाग आहे. काजूच्या दारूची भट्टी आहे, धूर येतोय. रस्त्याकडेला एक खुरीस, क्रूस आहे, नवा रंग दिलाय. पाव विकणारा पोदेर सायकल टेकवून बिडी ओढतोय. मागून आई सुरू झाली, त्या भट्टीवाल्याच्या सुनेपासून, आणि मग मला काही सांगायला वावच उरला नाही. बाबा मान हलवत ऐकत होते, मध्येच ‘तो आसा अजून?’ असं विचारत होते.

हायवे लागला तसे ते म्हणाले, “आता डावीकडचो तो मोठो वड इलो मा?”

“नाय बाबा. तो औंदा कापलो. रस्तो रुंद केल्यानी तेवा.”

“मगे तो कोणाकच दिसना नाय,” बाबा म्हणाले आणि पाठ टेकून बसले.